रिकामं, तरी हेवी

रात्री पावणेदोनला आवाज येतो आधी,
दिवा नंतर.
"टॉवर, सागरिका फोर वन टू…"
नाव सांगून तो थांबतो.
एक शब्द राहिलाय त्याचा.
मी विचारते, "फोर वन टू, हेवी ना?"
तिकडे खरखर. मग जरा ओशाळलेला गळा:
"हो मॅडम, सॉरी. फोर वन टू हेवी."

हा शब्द मिरवायचा नाही.
तो मागच्यासाठी असतो.
रुंद पंखांच्या टोकांवरून
हवेचे दोन पीळ सुटतात,
एकमेकांच्या उलट फिरत
हळूहळू खाली बसणारे.
दुर्बिणीत दिसत नाहीत ते.
पाठोपाठ आलेलं लहान विमान त्यात सापडलं
तर कुशीवर वळतं,
झोपेतल्या पोरासारखं.
म्हणून हे मैल मोजायचे, म्हणून ही मिनिटं.
लहानांच्या नावापुढे काहीच लागत नाही,
त्यांनी थांबायचं तेवढं.

सगळ्यांत मोठ्याला म्हणायचं 'सुपर'.
परीक्षेत लिहिलाय मी तो शब्द,
तोंडात अजून आलेला नाही.

बाबा उलव्याला खडीच्या काट्यावर होते.
हसुराम घरत, काटा नंबर दोन.
गाडी आधी रिकामी चढवायची,
मग भरून आणायची,
भरल्यातून रिकामं वजा, खाली सही, गुलाबी पावती.
टेकडी कुठे गेली असं कुणी विचारलं
की ते म्हणतात,
"माझ्या वहीतून गेली. टनाटनानं."

त्यांना मी एकदा आमचा नियम सांगितला:
आज किती भरलंय ते विचारत नाही आम्ही.
जास्तीत जास्त किती घेऊन उडायची परवानगी आहे,
तेच वजन.
हा फोर वन टू बघा, येताना पोट रिकामं,
पहाटे कोळंबी भरून जाईल.
दोन्ही वेळा हेवीच.
बाबा चहाच्या कपात हसले, ठसका लागेपर्यंत.
"रिकाम्या गाडीला भरल्याची पावती?
गो, असा काटा आमच्या शेठला गावला असता
तर त्यानं सोन्याचा मुलामा दिला असता त्याला!"

गेल्या महिन्यात कामोठ्याच्या दवाखान्यात
नर्सने मोठ्याने वाचलं: सत्तेचाळीस.
बाबा पायाखालच्या काचेकडे बघत राहिले,
मग अगदी कामातल्या आवाजात म्हणाले,
"चढायच्या आधी शून्य केला होतास काय?"
तिने पुन्हा चढवलं.
सत्तेचाळीसच.
परत येताना रिक्षात त्यांनी
पावती मागितली माझ्याकडे.
मी औषधांची दिली.
उलटीसुलटी करून त्यांनी खिशात घातली.

दोन विमानं रांगेत आहेत आता, मागची दोन्ही मध्यम.
पहिला विचारतो, किती वेळ अजून?
मी म्हणते, पुढे हेवी गेलंय, थांबा.
बाहेर धावपट्टी कोरडी, वारा जवळजवळ नाही,
आकाशात काहीही नाही.
वारा नसला की ते पीळ जास्त वेळ रेंगाळतात,
हे त्यालाही माहीत आहे.
तो "रॉजर" म्हणतो
आणि गप्प बसतो.

सहाला सुटते. करंजाड्याच्या घरी
बाबा खिडकीशी, प्लास्टिकच्या खुर्चीत,
धावपट्टीकडे तोंड करून.
"आज मोठी किती?"
"तीन."
"भरलेली?"
"एक रिकामी."
मान हलवतात. वहीत लिहिल्यासारखी.
मग हातांवर जोर देऊन उठतात,
भिंतीला धरत मोरीकडे जातात,
चपलांचासुद्धा आवाज नाही.

खुर्ची मोकळी आहे.
पाय दुखतायत माझे, रात्रभर उभी होते.
बॅग खाली ठेवते,
घड्याळाकडे बघते,
दोन मिनिटं जाऊ देते,
मग बसते.